साताखालचा सहा

१

सकाळी दहाच्या सुमाराला पूर्वेच्या खिडकीतलं ऊन आडवं होऊन टेबलावर आलं की थर्झाच्या सासऱ्यांची हाक ठरलेली. "पोरी, हात पूस नि ये. सूर्य काही तुझ्या भांड्यांसाठी थांबायचा नाही."

"भांडी तरी कुठं थांबतात, बाबा," म्हणत थर्झा ॲप्रनला हात पुसत येई.

जोथम बाबांनी उभा जन्म अमेरिकेतले तांब्याचे मोठे सेंट, म्हणजे जुनी नाणी, जमवले होते. सरकारनं ते बंद केल्याला पंधरा वर्षं झाली, तरी बाबांच्या चिरुटाच्या पेटीत त्रेसष्ट नाणी होती. बॉस्टनला त्यांच्यासारखाच एक वेडा मित्र होता. दर पंधरवड्याला त्याला पत्र जाई, अमक्या नाण्यावर अमुक दिसतं, तुमच्याकडच्यावर काय दिसतं? पण दोन वर्षांपूर्वी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तेव्हापासून पत्र बाबांचं, डोळे थर्झाचे आणि अक्षरही तिचंच. तिचा नवरा आल्डन उत्तरेला लाकूडतोडीच्या तळावर होता, नदीवरचा बर्फ फुटेपर्यंत यायचा नव्हता. घरात ही दोघं आणि चार वर्षांची विनी.

"काय दिसतं?" बाबांनी विचारलं.

थर्झानं भिंग डोळ्याला लावलं. "अठराशे सात. साताला लागून अजून काहीतरी आहे."

"काहीतरी? बॉस्टनला काय लिहू मग, 'काहीतरी' आहे म्हणून?"

थर्झा हसली. हा धडा तिला पाठ होता. त्या काळी टांकसाळीत ठशावर सालाचे आकडे हातानं ठोकायचे. पोलादी खिळ्याच्या टोकाला आकडा, वर हातोडी. कधी हात सरकायचा, आकडा तिरका बसायचा, मग कारागीर तोच आकडा परत नीट ठोकायचा. ती झाली दुबार. आणि कधी साल उलटायचं पण जुना ठसा धडधाकट असायचा. टांकसाळवाले इथल्यासारखेच चिकट, धड वस्तू फेकतील होय? जुना आकडा घासायचा आणि त्याच्यावर नवा ठोकायचा. ते झालं सालावर साल. वरून बघितलं तर दोन्ही सारखीच, वरच्या आकड्याच्या आडून खालचं काहीतरी डोकावतंय.

"वरच्याकडे बघूच नकोस," बाबा म्हणाले. "तो काय, नवरदेवासारखा मिरवणार. झाकायचं राहिलंय तेवढंच बघ. उरलेली रेघ वरच्याच वळणानं गेली तर खाली तोच आकडा. आपल्याच वाटेनं गेली तर खाली दुसरा."

"आणि घासताना पुरतं का नाही घासत?"

"खोल गेलेलं घासून जात नाही, पोरी. म्हणून तर वर वेगळा आकडा ठोकायचा. सहावर परत सहाच ठोकलास तर सहाच वर येणार की नाही?"

"मला काय माहीत. मी टांकसाळीत होते का?"

"आणि तिसरी जात विसरू नकोस. ओरखडा! ज्याला खाली काहीतरी हवंच असतं ना, त्याला ओरखड्यातपण साल दिसतं. ही जात सगळ्यात जास्त. मी स्वतः तिच्यात मोडतो."

टेबलाखाली विनी बाहुलीला पाव भरवत होती. पाव म्हणजे नुसती कड. मऊ भाग ताटात सोडायचा आणि भाजलेली कडक कड आधी कुरतडायची, ही तिची लहानपणापासूनची खोड. बाबा तिला 'खारूताई' म्हणायचे.

त्या दिवशी शनिवार होता. शनिवारी घड्याळाला किल्ली द्यायची. आल्डन नसला की ते काम थर्झाचं. किल्ली घड्याळाच्या मागं फळीवर असायची. तिनं बोटं मागं घातली, तर किल्लीच्या आधी हाताला काहीतरी खरखरीत लागलं.

पावाची कड होती. चंद्रकोरीसारखी. आतला मऊ भाग बारीक दातांनी नीट खाल्लेला.

उंदीर, असं तिनं मनाशी म्हटलं. पण उंदीर कडा सोडून मऊ तेवढं खात नाहीत. आणि खाऊन उरलेलं घड्याळामागं जपूनही ठेवत नाहीत.

घड्याळामागं कडा लपवणारं या घरात एकच माणूस होतं. आणि ते गेल्याला साडेपाच वर्षं झाली होती.

२

तिचंही नाव विनीच होतं. पुरतं नाव लोव्हिना. थर्झाच्या सासूबाईंच्या आईचं.

अठराशे सहासष्टच्या सप्टेंबरात घशाच्या साथीत ती गेली. तीन दिवसांत आटोपलं सगळं. दगडावर कोरलंय, वय चार वर्षं, दोन महिने, नऊ दिवस. सदुसष्टच्या डिसेंबरात दुसरी मुलगी झाली. गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला देण्याची तिथं रीतच होती. नदीकाठच्या स्मशानात एकाच आईबापाच्या तीन तीन हॅना शेजारी शेजारी झोपल्यात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. थर्झाच्या मनात मात्र फीबी ठेवायचं होतं. बाळंतिणीच्या खाटेवरून ती एकदा तसं बोललीही.

"फीबी आपल्यात कोण होतं?" बाबांनी विचारलं होतं. मग तिच्या उशाशी बसून हळूच म्हणाले, "देवाचा हात पहिल्यांदा जरा सरकला ग. आता परत नीट ठोकलंय त्यानं. तीच आहे. तिचं नाव तिला दे."

ज्या माणसानं नातीसाठी आठवडाभर अन्न गिळलं नव्हतं, त्याला नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही ते ऐकायला बरं वाटलं होतं. तीच आहे.

पण पोर चालूबोलू लागली तसं तिला कळलं होतं की ही ती नव्हे. ती झोपताना आईचा कान धरायची, हिला कानाला हात लावलेला खपायचा नाही. ती चालताना डावा पाय आत वळवायची, ही शिपायासारखी सरळ चालायची. ती कडा लपवायची, ही कडांसाठी भांडायची. हे थर्झा कुणाला बोलली नव्हती. बोलून काय, नाव तर ठेवून झालं होतं.

अजून एक गोष्ट होती. पहिल्या विनीचे डोळे मिटेनात तेव्हा बाबांनीच पेटीतले दोन सेंट आणून तिच्या पापण्यांवर ठेवले होते. दुसऱ्या दिवशी शवपेटी बंद करायच्या आधी ते काढले, पुसले आणि परत चिरुटाच्या पेटीत टाकले. गेलेल्याला तांब्याचं काय करायचंय? कुठले दोन, ते कुणी बघून ठेवलं नाही. म्हणून दोन वर्षं थर्झा एकेक नाणं उलटताना मनात म्हणायची, हे असेल का, की हे? बाबांना कधी विचारलं नाही. त्यांनाही माहीत नसावं. किंवा तेही हाताला लागलेलं प्रत्येक नाणं असंच चाचपत असावेत.

ती कड तिनं चुलीत टाकली.

३

त्यानंतर तिचे कान टवकारलेलेच राहिले. घराला आवाज असतातच. पण विनी स्वयंपाकघरातून बैठकीत पळाली की फळ्यांवर तिची पावलं वाजायची, टप, टप, टप; आणि प्रत्येक टपला चिकटून मागून एक बारीक आवाज यायचा. ट-टप. जणू पाऊल एकदा पडल्यावर पुन्हा जरा सरकून पडलं.

थर्झानं गुडघ्यांवर बसून फळ्या दाबून बघितल्या. एक फळी ढिली निघाली. तिच्या जिवात जीव आला. खिळा ठोकला. आवाज तसाच राहिला.

"विनी," ती हाक मारी.

"ओ," विनी म्हणे. आणि मग जरा दबक्यानं, तिच्याच तोंडून, "ओ."

"दोनदा ओ कशाला देतेस ग?"

"मी एकदाच दिली," विनी म्हणे, आणि खरंच नवल वाटल्यासारखं आईकडं बघे.

बुधवारी शेजारची ऑरिला मावशी अंड्यांसाठी आली. बाई तोंडानं फाटकी पण मनानं सोनं. बाबांना भिंग चाचपताना बघून म्हणाली, "जोथम, तुमच्या वयाचे लोक बायबल उघडतात. तुम्ही अजून तांब्यातच डोकं घालून बसलात."

"बायबल पाठ आहे, ऑरिला. तांबं अजून पाठ झालं नाही."

"घ्या! यांना वर गेल्यावर विचारतील, पापं किती केली, तर हे म्हणतील, दुबार ठोकलेली की सालावर साल?" ती स्वतःच खो खो हसली. मग खिडकीतून अंगणात बघत तिनं बोट दाखवलं. "हिला आल्डनचेच पाय मिळालेत हं. बघ कसा आत टाकते डावा."

थर्झानं मान वळवून बघितलं. अंगणात विनी ताज्या बर्फातून लाकडाच्या ढिगाकडं चालली होती. सरळ चालली होती. निदान वरून तरी.

"मावशी, बूट जुने आहेत तिच्या पायात," थर्झा म्हणाली. "थोरलीचे. त्यांनाच ते वळण पडलंय."

"असेल बाई. धड बूट फेकायचे थोडेच," मावशी म्हणाली आणि अंडी घेऊन गेली.

ती गेल्यावर थर्झा शालीशिवायच बाहेर आली. विनीच्या पावलांचे ठसे ढिगापर्यंत गेले होते. ती खाली बसली. ऊन आडवं होतं, ठशांच्या कडा निळ्या दिसत होत्या. प्रत्येक ठसा दुहेरी होता. एक स्वच्छ, खोल. त्याच्या आडून दुसरा, जरासा सरकलेला.

पोर घसरली असेल, परत पाय टेकला असेल. बर्फात होतंच तसं. तिनं वरच्याकडं बघितलं नाही. झाकायचं राहिलं होतं तेवढंच बघितलं. उजव्या पावलाची उरलेली कड वरच्याच वळणानं गेली होती. डाव्याची नाही. डाव्याची आपल्या वाटेनं गेली होती. आत.

तिनं हातानं बर्फ सारखा केला. एकेक ठसा, पार दारापर्यंत. बोटं बधिर झाली तरी तिला थांबवेना.

४

मग तिनं पंचांगासारखं लटकवलेलं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि दिवस मोजले. विनी चौदा डिसेंबरची. चार वर्षं, दोन महिने, नऊ दिवस म्हणजे तेवीस फेब्रुवारी. शुक्रवार. अजून नऊ दिवस.

असं मोजू नये, हे तिला कळत होतं. मोजलं की नाट लागतं असं तिची आई म्हणायची. पण ज्या आईचं एक गेलंय तिला दुसरं न मोजता कसं राहवेल? रात्रभर ती विनीच्या छातीवर हात ठेवून पडे. सकाळी घसा बघे. "आ कर." विनी आ करी. घसा गुलाबी, स्वच्छ. "अजून मोठा आ." विनी म्हणे, "आई, आता पोटच दिसेल तुला."

सोमवारी ऊन आलं तशी ती बाबांजवळ बसली. विनी खुर्चीवर चढून पेटीत हात घालून नाणी खुळखुळवत होती. बाबांना तो आवाज आवडायचा, ते तिला ओरडत नसत.

विनीनं एक नाणं बाजूला काढलं. मग बरीच उलथापालथ करून दुसरं. दोन्ही तळहातांवर घेऊन बसली.

"हे माझे," ती म्हणाली.

"सगळेच तुझे, खारूताई," बाबा म्हणाले. "मी गेलो की."

"नाही, हे दोनच." तिनं मान वर केली, डोळे मिटले आणि एकेक नाणं एकेका पापणीवर ठेवलं. "गार होते," ती म्हणाली.

घड्याळ वाजत होतं. बाबांचे हात टेबलावर जिथं होते तिथंच राहिले. त्यांना दिसलं नव्हतं, पण ऐकू सगळं आलं होतं.

"थर्झा," ते म्हणाले, "तिनं काय केलं?"

थर्झानं नाणी उचलली. आवाज साधा ठेवून म्हणाली, "काही नाही बाबा. खेळतेय. विनी, जा, कोंबड्यांना दाणे टाकून ये."

ट-टप, ट-टप करत पोर गेली. बाबा ऐकत राहिले. म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं तर. किती दिवस झाले कुणास ठाऊक!

५

दोन्हींपैकी एक नाणं गुळगुळीत होतं, साल झिजून गेलेलं. दुसरं ते अठराशे सातचं.

"हे आपण बॉस्टनला काय म्हणून कळवलंय?" थर्झानं विचारलं.

"दुबार. साताखाली सात." बाबा लगेच म्हणाले. "तीस वर्षांपूर्वी मी स्वतः बघितलंय, माझे डोळे घारीसारखे होते तेव्हा."

थर्झानं भिंग लावलं. साताच्या आडव्या रेघेखाली, काखेत, एक बारीक बाक होता. साताला असा बाक कुठून येणार? तो सहाच्या पोटासारखा गोल जाऊन तांब्यात बुडाला होता.

"बाबा, उरलेली रेघ साताच्या वळणानं नाही जात."

"ओरखडा असेल."

"ओरखडा गोल नसतो."

"पोरी, ते दुबार आहे." त्यांनी पेटी जवळ ओढली. "तोच आकडा आहे. हात सरकला होता, परत नीट ठोकला. तोच आहे."

थर्झाला कळलं की ते नाण्याबद्दल बोलत नव्हते. तिनं त्यांच्या सुरकुतलेल्या हातावर हात ठेवला. या माणसाशी वाद घालायचा नव्हता तिला. त्याला जगायला तेवढंच पुरलं होतं.

"बरं बाबा," ती म्हणाली. "उन्हात परत बघू."

६

तेवीस तारखेला तिनं विनीला मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. सकाळपासून चूल रसरशीत ठेवली. विनी कंटाळली, चिडली, मग बाहुलीची वेणी घालत बसली. दुपारी तिला झोप लागली. थर्झा तिच्या नाकापुढं बोट धरून बसली. श्वास येत होता. एक मोठा, आणि त्याच्या आडून एक बारीक. दोन्ही येत होते. ती दोन्ही मोजत राहिली.

चारच्या सुमाराला ऊन पश्चिमेच्या खिडकीतून निघून गेलं. त्याच वेळी बारीक श्वास थांबला.

थर्झानं तिला गदगदा हलवलं. विनीनं डोळे उघडले. अंग ऊबदार होतं, घसा स्वच्छ होता. एकच श्वास, शांत, खोल. ती मांडीवरून उतरून पाणी प्यायला गेली. टप, टप, टप. नुसतं टप. मागं काही नाही.

"गेलं," बाबा आपल्या खुर्चीतून म्हणाले. ते रडत होते. "दिवस गेला, पोरी."

म्हणजे तेही मोजत होते.

थर्झानं पोरीला छातीशी धरलं आणि देवाचे आभार मानले. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. झोपेत कुणीतरी तिचा कान धरला होता. तिला ते इतकं ओळखीचं वाटलं की जागही आली नाही.

७

दुसरा दिवस शनिवार. आंघोळीचा आणि घड्याळाच्या किल्लीचा. दुपारी बाबा पेंगले होते. थर्झानं चुलीपुढं टब ठेवला, विनीला न्हाऊमाखू घातलं, पंच्यात गुंडाळलं. पोर ओल्या पायांनी टबातून उतरली आणि फळ्यांवरून चुलीजवळच्या स्टुलाकडं गेली.

पांढऱ्या घासलेल्या फळ्यांवर तिची ओली पावलं उमटली. एकेरी. दुसरी कड नाही, आडून काही नाही. उजवं सरळ. डावं आत.

आता पायात बूट नव्हते.

थर्झानं खूप वेळ त्या पावलांकडं बघितलं. ती वाळत वाळत नाहीशी झाली. मग तिनं पाव कापला, काकवी लावली आणि तुकडा पुढं केला.

"कड नको," पोर म्हणाली. "मऊ दे." आणि हात लांब करून तिनं आईचा कान धरला. "आई, माझा घसा आता दुखत नाही."

पळून जावंसं तिला वाटलं नाही. भ्यावं हेही सुचलं नाही. तिनं पोरीला पंच्यासकट उचलून मांडीवर घेतलं, पावाचा मऊ भाग काढून काकवीत बुडवून एकेक घास भरवला. केसांचा वास घेतला. आजारपणाच्या त्या तीन दिवसांत जे बोलता आलं नव्हतं ते सगळं बोलली. डॉक्टरला उशिरा बोलावलं त्याची माफी मागितली. नदीवरून आणलेली शिंपली अजून जपून ठेवली आहे, ते सांगितलं. पोर ऐकत होती, मधूनच "हं" म्हणत होती. घड्याळानं तीन वाजवले. एवढा वेळ कुठल्या आईला परत मिळतो?

मग तिनं विचारलं. विचारावंच लागलं.

"आणि ती कुठंय, राणी?"

पोरीनं चावणं थांबवलं. फळ्यांकडं बघितलं. "खाली."

"काय करते?"

"तुला हाका मारते. पण आपलं नाव एकच आहे ना, म्हणून तू बोलावलंस की मीच येते."

थर्झानं डोळे मिटले. सहावर परत सहाच ठोकलास तर. चार वर्षं या घरातल्या प्रत्येक तोंडानं, सकाळ-संध्याकाळ, तेच नाव ठोकलं होतं. खाली कोण जातंय, बघितलंच नव्हतं कुणी.

तिनं पोरीच्या कपाळाचा मुका घेतला. दोन्ही पापण्यांचा घेतला, जिथं तांबं ठेवलं होतं तिथं. कान सोडवला नाही.

"फीबी," ती म्हणाली.

पोरीनं वर बघितलं. "मी विनी."

"हो ग माझे आई. तू विनीच. तू कायमची विनी." थर्झानं आवाज पडू दिला नाही. "फीबी."

मांडीवरचं अंग जड झालं. पोरीच्या डोळ्यांत जे आलं ते थर्झानं सहासष्टच्या सप्टेंबरात एकदा बघितलं होतं. आई उठून पाणी आणायला चाललीय आणि परत येणार नाही, असं वाटतं तेव्हाचं. तिनं तिला अजून घट्ट धरलं.

"इथंच आहे मी. जात नाही कुठं. फीबी. फीबी, ये बाळा. फीबी!"

कानावरची बोटं सैल झाली. पंच्यातून बाहेर आलेला डावा पाय, आत वळलेला, हळू, फार हळू, सरळ झाला.

"ओ," दूरवरून आल्यासारखं पोर म्हणाली. मग डोळे चोळले, हुंदका दिला, आणि चिडून म्हणाली, "आई, किती हाका मारल्या मी! आणि कान सोड माझा." कान तिचा कुणीच धरला नव्हता. तिची नजर ताटाकडं गेली. "माझ्या कडा कुठं टाकल्यास?"

थर्झानं कडा तिच्या हातात दिल्या. ती त्या कडाकडा खायला लागली. थर्झा तोंडात पदराचा बोळा घालावा तसा ॲप्रन कोंबून रडली.

"थर्झा?" बैठकीतून बाबा जागे झाले. "विनी का रडते?"

"विनी नाही, बाबा." ती दारात जाऊन उभी राहिली. पोर तिच्या मागं आली, टप, टप, सरळ. "फीबी आहे. आजपासून फीबीच म्हणायचं. तुमच्या पाया पडते, दुसरं नाव तोंडात आणू नका."

न दिसणारे डोळे म्हाताऱ्यानं पावलांच्या आवाजाकडं वळवले होते. मग त्यानं टेबलावर हात फिरवून ते नाणं शोधलं, अंगठा साताच्या काखेत घासून बघितला, आणि हळूच खाली ठेवलं.

"दौत घे," तो म्हणाला. "बॉस्टनला लिही. अठराशे सात. तीस वर्षं मी चुकीचं सांगत होतो." मग म्हणाला, "साताखाली सहा आहे. नीट दिसतो."

थर्झानं लिहिलं. दुसरी ओळ लिहिताना शाई पसरली, तिनं ती टिपली नाही.

पुढच्या शनिवारी तिनं घड्याळाला किल्ली द्यायला बोटं मागं घातली. किल्लीच्या आधी हाताला काहीतरी लागलं. चंद्रकोरीसारखं. अजून मऊ होतं, आजचंच असावं.

बाहेर अंगणात फीबी कोंबड्यांना ओरडत होती.

थर्झानं किल्ली घेतली, घड्याळाला आठ फेरे दिले, आणि किल्ली परत ठेवताना जपून ठेवली. ती कड तिनं हलू दिली नाही.